आक्काचा बिनकामाचा प्रवास

टिळकवाडी, बेळगाव
८ नोव्हेंबर २०२४

ती. राजाआक्का हिस शरदचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मध्ये तुझ्या विक्रमला उभा केला की तो निम्मंच सांगतो, म्हणून हे पत्र.

माझी तब्येत बरी आहे. सकाळी चालायला जातो, तुझी भावजय प्रमोदिनी मागून लक्ष ठेवते. हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू बोरगावचं घर सोडून इथं येऊन राहिलीस, मला लहान मुलासारखं जेवू घातलंस. आभार तोंडावर मानले तर रागावतेस, म्हणून लिहून मानतो.

पडल्यापडल्या तुझं सगळं फिरणं आठवून बघितलं. कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना. काम नसताना तू कुठं गेल्याचं मला आठवत नाही. समुद्रसुद्धा बघितलास तो आमच्या लेकीच्या, अबोलीच्या दुसऱ्या बाळंतपणात, वेंगुर्ल्याच्या गच्चीवर दुपटी वाळत घालताना.

आमचा समर्थ आणि सूनबाई सौम्या गाडी घेऊन किनारा बघायला निघणार आहेत. नंदगड, हल्याळ करत कारवार, मग गोवा, वेंगुर्ला, मालवण, देवगड, आणि येताना फोंडा घाटानं निपाणी. मला अजून घाट मना आहेत, तेव्हा माझ्या जागेवर तू बस. समुद्रासमोरच्या खोल्या सांगून ठेवल्या आहेत. अट एकच, या प्रवासात तू कसलंही काम करायचं नाहीस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा शरद


बोरगाव
१५ नोव्हेंबर

चि. शरद यास राजाआक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला. माझं एवढं कुणी मनात धरलंय हे मला ठाऊक नव्हतं. मी येते.

पण खोल्या कशाला रे सांगितल्यास? आपली माणसं गावात असताना लॉजवर उतरायचं? दारावरून गेलात आणि आत आला नाहीत, हे पुढच्या लग्नकार्यात ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. कारवारला आपला चुलतभाऊ नागेंद्र आहे. त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला हाताखाली कुणीतरी हवंच. वेंगुर्ल्याला अबोलीचा वर्षाचा मसाला कुटून देईन. देवगडला मावसभावाचा आशुतोष आहे. कॉलेजला असताना माझ्याच घरात वाढला. त्याची बायको नोकरीला जाते, स्वयंपाकघराची काय कळा असेल कुणास ठाऊक.

जोंधळ्याचं पीठ, शेंगांची चटणी आणि काकवी बांधून ठेवली आहे. सौम्याला पाय ठेवायला जागा राहील एवढंच बघते. प्रमोदिनीला सांग, भाजीत मीठ कमीच घाल.

सगळ्यांना आशीर्वाद, लोभ वाढता ठेवा.
राजाआक्का


बोरगाव
२४ नोव्हेंबर

चि. शरद यास अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं पत्र लिहिते आहे, कारण मनाला चैन नाही. नागेंद्रचा विक्रमकडं फोन आला. आक्काला सांग, आम्ही न्हाय घरात, पोरीकडं चाललोय म्हणे. अबोलीनं कळवलं, घराचं रंगकाम काढलंय, आत्याला बसवायला जागा न्हाय. आशुतोषकडं म्हणे लई पावणी आल्यात. माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झालेला पोरगा, त्यानंसुद्धा असं म्हणावं?

विक्रम म्हणाला, जाऊ दे गं आई. त्याला काय जातंय सांगायला. सगळ्यांनी एकदम दारं लावून घ्यावीत असं माझ्या हातून काय झालं, तेच मला कळत नाही. काही बोलून गेले असेन तर तू तरी सांग. बांधलेलं सामान मी सोडून ठेवलं आहे. समर्थला सांग, मी येत नाही.

तू तब्येतीला जप.
राजाआक्का


टिळकवाडी, बेळगाव
२९ नोव्हेंबर

ती. आक्का हिस शरदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही, एवढा विश्वास माझ्यावर ठेव आणि जास्त विचारू नकोस. येळ्ळूरच्या घरी लहानपणी तू काढा पुढं केलास की कसला म्हणून न विचारता मी पीत होतो. आता एकदा माझं ऐक.

समर्थ रविवारी सकाळी दारात येईल. तू बसली नाहीस तर डॉक्टरांना न विचारता मी गाडीत बसेन, हे प्रमोदिनीला सांगितलं आहे. ती तुझ्यावरच रागावली आहे.

एवढा हट्ट पुरव, बाकी तुझा आशीर्वाद आहेच.
शरद


देवगड
६ डिसेंबर

चि. शरद यास राजाआक्काचे अनेक आशीर्वाद, आणि थोडा राग.

कारवारला पुलावरून काळी नदी समुद्राला मिळताना बघितली. नागेंद्रच्या गल्लीवरून जाताना मात्र मी तोंड फिरवून बसले. गोव्यात सौम्यानं मला गुडघाभर पाण्यात उभं केलं.

वेंगुर्ल्यात मी समर्थला म्हणाले, उतरायचं नाही, पोरीनं कुठला रंग दिलाय तेवढा लांबूनच दाखव. फाटकाशी गाडी थांबली तर भिंती त्याच, पावसानं डागळलेल्या. शिडी नाही की रंगाचा डबा नाही. अबोली धावत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. म्हणाली, आत्या, आमच्या आप्पांनी समद्यांस्नी शपथ घातलीया. तू घरात शिरलीस की पदर खोचून चुलीशी जातीस, म्हणून या वेळेला कुणीच तुला आत घ्यायचं न्हाय. नागेंद्र घरातच आहे आणि विक्रमलाही सगळं ठाऊक होतं. आशुतोषकडं तर पाहुणं म्हणून मांजरसुद्धा आलेलं नाही.

अबोलीचा चहा मी गाडीतच बसून प्यायले. आत बोलवावं की नको, तिचा जीव नुसता खालीवर होत होता. शेवटी मीच म्हणाले, जा, दार लावून घे. शरद, मला आत घेणारी माणसं खूप आहेत, पण माझ्यासाठी जड मनानं दार लावून घेणारी माणसं देवानं मला दिली, याचे उपकार कसे मानू?

आज इथं वाळूत बसलो होतो. आशुतोषनं शरमून डबा पाठवला होता. जेवणं झाली आणि सौम्या डबा धुवायला नळाकडं गेली. मी उठले. मग तुझी अट आठवली आणि परत बसले. अंधार पडेपर्यंत समुद्र बघितला. कुणी हाक मारली नाही. फार बरं वाटलं रे.

उद्या घाटानं घरी येते. तुझे घाट मोकळे झाले की प्रमोदिनीला घेऊन आपण सगळेच पुन्हा निघू. तेव्हा मात्र दारं उघडी हवीत. आणि अबोलीला सांग, तोवर घराला खरंच रंग दे, त्या भिंती बघवत नाहीत.

तुझ्यावरचा लोभ आता लपवत नाही.
तुझी राजाआक्का