नळाचा धडा

दि. ११ नोव्हेंबर
(तारीख आजच्या वर्तमानपत्रावरून उतरवली आहे.)

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा गुडघा आता कुरकुरत नाही, तीच कुरकुरते. स्वयंपाकघराला रंग दिला, फिकट पिवळा. तुझी पाठ कशी आहे?

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू लगेच "काय झालं?" म्हणतेस आणि मी "कुठं काय" म्हणून मोकळा होतो.

माझा नळाचा धडा तुला ठाऊक आहे. कंटिन्यूअल आणि कंटिन्यूअस. दिसायला जुळी भावंडं, इंग्रजीच्या पेपरात पोरं हमखास फसतात. मी वर्गाला हात धुवायच्या नळाशी नेतो. तोटी जराशी सैल करतो. टप्... टप्... "हे कंटिन्यूअल. थांबतं, पण पुन्हा येतं. आईच्या टोमण्यांसारखं." मग तोटी पूर्ण सोडतो. "हे कंटिन्यूअस. मध्ये खंडच नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या भाषणासारखं." वर्ग हसतो. अठ्ठावीस वर्षं हसतोय.

गेल्या आठवड्यात गुरुवारीही हसला, पण एकमेकांकडे बघून. तास संपल्यावर पहिल्या बाकावरची चष्मेवाली मागे थांबली. तिनं वही पुढे केली.

"सर, रागावू नका. हे मंगळवारी झालं होतं. बुधवारीपण."

"उजळणी घेतली असेन."

"पण सर, तुम्ही रोज म्हणालात, आज नवीन धडा."

तीन पानं, तीन तारखा, एकच मजकूर. बाईंच्या भाषणाचा विनोदही तिन्ही पानांवर. ही पोर सगळंच उतरवून घेते.

"मग हसलात कशाला?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं ना, सर."

ताई, मला मंगळवार आठवत नाही. बुधवारही नाही. तिला म्हटलं, गंमत केली, तुमचं लक्ष असतं का ते बघत होतो. तिनं मान डोलावली. अप्पा तीच गोष्ट पुन्हा सांगायचे तेव्हा तू त्यांच्यापुढे डोलवायचीस, अगदी तशी.

तेव्हा मी तुला काय बोललो होतो, ते मात्र लख्ख आठवतं. "एवढं काही झालेलं नाही त्यांना. तुलाच त्यांचं करायचा कंटाळा आलाय." सहा वर्षं तू एकटीनं केलंस. मी सुट्टीत दोन दिवस यायचो, गप्पा मारायचो, निघून जायचो. चुकलो. हे तेव्हाच लिहायला हवं होतं, स्वतःवर वेळ आल्यावर नव्हे.

आता खरं विचारतो. अप्पांचं कसं सुरू झालं? पहिल्यांदा काय निसटलं? ठिबकण्यापासून धार लागेपर्यंत किती दिवस गेले? मला बरं वाटावं म्हणून कमी करून सांगू नकोस.

घरात कुणाला बोललेलो नाही. डॉक्टरांकडे एकट्यानं जायचा धीर होत नाही. ते काय म्हणतील त्यापेक्षा, त्यांनी सांगितलेलं घरी येईपर्यंत माझ्याजवळ राहील का, याची भीती वाटते. वर्गात शिरण्याआधी हल्ली चष्मेवालीची वही मागून बघतो. ती काही न विचारता देते.

आणि हो, सांगायचं राहिलंच. स्वयंपाकघराला रंग दिला. फिकट पिवळा. आलीस की बघशील.

राग गेला नसेल तर रागासकट ये. पण मी तुला दारात ओळखेन, तोवर ये.

तुझा धाकटा