रोज एक खोट ठेवण्यास परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षण अधीक्षक,
खाडीतीर बालशिक्षण मंडळ,
मुख्य कार्यालय, पेण, जि. रायगड.

अर्जदार: श्रीमती चंद्रावती कान्हू घरत, सहशिक्षिका, इयत्ता तिसरी, मंडळाची प्राथमिक शाळा, जिते.

विषय: वर्गाच्या फळ्यावर दररोज एक चूक हेतुपुरस्सर लिहिण्यास लेखी परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: १) आपले ज्ञापन, "फळ्यावरील असत्य लेखनाबाबत".
२) आपले दुसरे ज्ञापन, "सदर असत्य लेखन जाणूनबुजून केल्याबाबत".

महोदय,

याआधीचा अर्ज "अर्जात 'मी' फार आहे" अशा शेऱ्यासह परत आला. म्हणून या अर्जात 'मी' नाही. अर्जदार आहे, आणि जे घडले ते तिच्याच बाबतीत घडले आहे.

सदर अर्जदार तिसरीला गणित शिकवते. तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आया पेणला गणपतीच्या कारखान्यांत कामाला जातात. रंग चढण्याआधी मूर्ती उजेडात धरून फिरवायची आणि कुठे चीर राहिली का, कुठे बुडबुडा राहिला का ते पाहायचे, याला त्या 'खोट काढणे' म्हणतात. बुधा या विद्यार्थ्याची आई बायजाबाई हेच काम करते. अर्जदार रोज सकाळी फळ्यावर एक चूक मुद्दाम लिहीत असे. मुलांनी ती शोधायची, आणि नुसती शोधून भागायचे नाही, ती चूक कशी हे बाकीच्यांना पटवून द्यायचे. बुधाने त्याला 'आजची खोट' असे नाव दिले आणि ते वर्गाला चिकटले. 'बरोबर' हा शब्द बाईंनी तोंडातून काढायचा नाही, असाही नियम होता. बाईंनी फक्त 'कशावरून?' एवढेच विचारायचे. पुढे पुढे मुलेच एकमेकांना 'कशावरून?' विचारू लागली. घरी मोठ्यांनाही विचारू लागली, तशा तक्रारीही शाळेकडे आल्या.

तपासणीच्या दिवशी फळ्यावर पुढील मजकूर होता: "आजची खोट. दोन विषम संख्यांची बेरीज विषम येते. जसे, ७ + ५ = १३." बेरीज चुकली हे मुलांनी हा हा म्हणता पकडले. पण खोट नियमातच होती आणि ती काढायची होती. मुलांनी चारदोन उदाहरणे करून पाहिली, दर वेळी सम संख्या आली. तेव्हा बुधा म्हणाला, "पन लय मोठं आकडं घेतलं तर? तवा बी तसंच व्हईल कशावरनं?" मग कमळी उठली. कमळी वाडीवरून येते. तिच्या घरातून शाळेत आलेले तीच पहिले माणूस, आणि शाळा सुरू झाल्यापासून ती वर्गात आपण होऊन बोललेली नव्हती. ती म्हणाली, "जोड्या लावल्या का ह्या आकड्यातला एक एकटा उरतो. त्या आकड्यातला बी एक एकटा. मंग त्या दोघांचीच जोडी व्हते. आकडा केवढा बी असू दे." अर्जदाराच्या सगळ्या नोकरीत तिने असे उत्तर ऐकले नव्हते. तिला फार आनंद झाला होता, हे येथे नमूद करण्यात येत आहे.

त्याच वेळी तपासनीस साहेब वर्गात आले. फळ्याकडे पाहून त्यांनी हे काय म्हणून विचारले. कमळीला नुकताच कंठ फुटलेला. तिनेच पुढे होऊन सांगितले, "खोट हाय ती, साहेब. बाईंनी ठेवलीय." साहेबांच्या अहवालात याचे असे झाले: "शिक्षिका 'आजचे खोटे' या मथळ्याखाली असत्य लेखन करतात. विद्यार्थिनीनेही ते खोटे असल्याचे कबूल केले. शिक्षिकेस बेरीज येत नाही." 'ध'चा 'मा' करायला निदान अक्षर बदलावे लागले होते. इथे एका मात्रेत काम झाले.

त्यावरून पहिले ज्ञापन निघाले आणि अर्जदारास मंडळाच्या अष्टमी शाखेत अंकगणिताच्या उजळणी वर्गास धाडण्यात आले. सकाळच्या गाडीने जितेहून रोह्याला जायचे, मग पूल ओलांडून अष्टमीला. वर्गाला ती एकटीच होती. शिकवणारे गृहस्थ भले होते. पहिल्या दिवशी हातच्याची बेरीज झाली तेव्हा त्यांनी अर्जदाराकडे पाहिले नाही आणि अर्जदारानेही त्यांच्याकडे पाहिले नाही. शेवटी परीक्षा झाली. सगळी उत्तरे बरोबर आली आणि तेच अर्जदाराला भोवले. गणित येत असूनही फळ्यावर चूक लिहिली, त्या अर्थी ती जाणूनबुजून लिहिली, असे दुसरे ज्ञापन आले. एखादे उत्तर चुकले असते तर पहिले ज्ञापन खरे ठरले असते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्या वेळी अर्जदारास राग आला असावा. आता नीटसे आठवत नाही.

दरम्यान तिसरीचा वर्ग मुख्याध्यापकांनी सांभाळला. पाढे खड्या आवाजात म्हणून घेतले गेले, उत्तरे फळ्यावरून उतरवून घेतली गेली, आणि वर्गाला छान शिस्त लागली. याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. ती परत आली तेव्हा "फळ्यावर फक्त बरोबर मजकूर लिहावा" असा आपला आदेश दारावर चिकटवलेला होता. तो तिने पाळला.

गेल्या आठवड्यात मात्र तिच्या हातून फळ्यावर "८ × ७ = ५४" असे लिहिले गेले. ही खोट ठेवलेली नव्हती, ती झाली होती. एकही हात वर झाला नाही. पाट्या तपासताना सगळ्यांच्या पाटीवर चोपन्न दिसले. कमळीच्या पाटीवर चोपन्नच्या खाली पुसट छप्पन होते. विचारल्यावर ती म्हणाली, "माजं छप्पन येत व्हतं, बाई. पन फळ्यावर चोपन व्हतं. म्हनून पुसलं."

तरी नम्र विनंती की, अर्जदारास फळ्यावर रोज एक चूक लिहिण्याची परवानगी मिळावी. हवे तर चूक आदल्या दिवशी कार्यालयाकडून मंजूर करून घेण्यात येईल. चुकीशेजारी मंडळाचा शिक्का मारावा लागला तरी हरकत नाही. 'खोट' या शब्दाची अडचण असल्यास कार्यालयाने दुसरा शब्द सुचवावा, मुलांना तो शिकवला जाईल. अर्जदाराच्या बदलीचा विचार असल्यास तीही मान्य आहे, पण मागून येणाऱ्या शिक्षकास ही परवानगी असावी.

विनंती तातडीची का, तेही कळवणे भाग आहे. अर्जदाराने त्या दिवशी कमळीला सांगितले की छप्पनच बरोबर आहे. ती "बरं, बाई," म्हणाली आणि तिने चोपन्न पुसून छप्पन लिहिले. कशावरून, असे तिने विचारले नाही. म्हणून अर्जदार पुन्हा म्हणाली, "नाही, सत्तावन्न." हे तोंडी सांगितले, फळ्यावर लिहिले नाही, त्यामुळे आदेशाचा भंग झालेला नाही.

कमळीने छप्पन पुसले आणि सत्तावन्न लिहिले.

आपल्या आज्ञेत राहिलेली,

(सही)
चंद्रावती कान्हू घरत
जिते, ता. पेण
दि. ९ डिसेंबर २००३