मामाने कावळ्याला दिलेला शब्द

आई, पान वाढून मी स्लॅबवर बसलेय आणि समोरच्या शेवग्यावर कावळा बसलाय. आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलीस म्हणून हा तुझा मानाचा दिवस. खीर, वडे, आमटी, भोपळ्याची भाजी, सगळं केळीच्या पानावर मांडलंय. बापूंना आता जिना चढवत नाही, म्हणून मला वर पाठवलं. खाली बापू आणि बोरीहून आलेला मामा भुकेने कावलेत, कारण तुझ्या आधी त्यांना घास तोडता येत नाही. मधूनमधून बापू अंगणातून ओरडतात, "शिवला का गं?" मी म्हणते, "नाय अजून." आणि मोबाईलवर हे लिहीत बसते. तुला पाठवायची सोय म्हणशील तर एकच आहे, ती शेवग्यावर बसलीय, आणि तिच्याकडे मी हे देणार नाही.

तुझ्याशी बोलायचं म्हटलं की मला आधी चूल आठवते. मी जुन्नरच्या शाळेत होते. खेळाच्या सरांनी मला चाकांचे जुने बूट दिले होते आणि शाळा सुटल्यावर मी कोब्यावर गोल गोल फिरत बसायची. कुणीतरी तुला येऊन सांगितलं, पोरगी हाफपँट घालून घसरते. त्या दिवशी मी एसटीतून उतरून घरी येते तर स्वयंपाकघरात काळा धूर. चुलीत माझे बूट. चाकं वितळून राखेत टपकतायत, वर तवा आहे आणि तव्यावर तू भाकरी टाकतेयस, रोजच्यासारखी, पाण्याचा हात फिरवून. ताट माझ्यापुढे सरकवलंस आणि म्हणालीस, "खा. तुझंच जळाण हाय." भाकरीला रबराचा वास होता. बापू मान खाली घालून जेवत होते. त्यांना वास येत नव्हता असं नाही, त्यांना तुझी भीती होती. मी मुद्दाम आणखी एक भाकरी मागून घेतली, तुला दाखवायला. तूही वाढलीस, मला दाखवायला. नंतर लोक म्हणायचे, आईच ती, काळजीपोटी केलं. काळजी असती तर बूट लपवले असतेस. जाळलेस म्हणजे तुला माझं तोंड बघायचं होतं.

सरांनी दुसरे बूट दिले आणि ते शाळेतच ठेवले. पुढे पुण्याला कॉलेजात गेले तिथे चाकांवरची हॉकी होती, आणि तिथून काही मुलींना लडाखला नेलं, गोठलेल्या तळ्यावर खेळायला. मी भारताच्या संघाची गोलकीपर झाले. सुट्टीत घरी आले तेव्हा तू लसूण सोलत होतीस. बर्फावरची हॉकी म्हणजे काय ते मी तुला समजावून सांगत होते. "बर्फाव? गोळेवाल्यागत?" म्हणत तू हसलीस. मी सांगितलं, काळी रबराची चकती असते, ती दगडासारखी येते, मी जाळीपुढे उभी राहते आणि ती अंगावर घेते. तू लसणाचं टरफल फुंकलंस. "म्हंजी मार खायाला हुबी ऱ्हातीस. मंग घरी काय वाईट व्हतं?" अख्ख्या पंचक्रोशीत तुझ्यासारखी जीभ नव्हती. आता ती माझ्याकडे आलीय, संघातल्या मुलींना विचार.

पहिल्यांदा परदेशी निघाले तेव्हा तू दारापर्यंतही आली नाहीस. आतूनच म्हणालीस, "तिकडं मेलीस तर तिकडंच जाळा म्हनावं. हिकडं आणायचा ताप नको." मी ते वाक्य विमानात चघळत बसले. आणि तिकडच्या विमानतळावर, बाहेर बर्फ पडत असताना, हातमोजे घातलेल्या एका साहेबाने माझ्या बॅगेच्या तळातून, पायमोज्याच्या आतून, कांदा काढला. वर धरून सगळ्यांना दाखवला. उन्हात जाणाऱ्याच्या खिशात आपल्याकडे कांदा ठेवतात, ऊन बाधू नये म्हणून. तू तो बर्फात जाणारीच्या बॅगेत ठेवला होतास. परदेश म्हणजे बाधणारच, एवढंच तुला ठाऊक. मुली पोट धरून हसत होत्या आणि साहेबाने कांदा कचऱ्यात टाकला. फोनवर मी तुझ्यावर ओरडले, तुझ्यामुळे मला चोरासारखं उभं केलं म्हणून. तू म्हणालीस, "फेकला? कांदाचाळीतला निवडून काढल्याला व्हता." आणि फोन ठेवलास. आपलं शेवटचं धड बोलणं तेवढंच.

तू कांद्याच्या वाफ्यात पडलीस तेव्हा मी लडाखला शिबिरात होते. रस्ता बंद, विमान रद्द. पोचले तेव्हा तुझी राख सावडून झाली होती. दहाव्याला मात्र होते. नदीच्या घाटावर सगळं डिंगोरं गाव लोटलं होतं, स्पीकरवर महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या, ज्यांना तुझं नावही चिठ्ठीवर बघून वाचावं लागलं. पिंड मांडला आणि कावळा येईना. झाडावर होते की ढिगानं, पण एकही उतरेना. गर्दी पिंडाला अशी खेटून उभी की माणसाचा पाय पडायला जागा नाही, कावळा कुठून येणार? पण आपल्याकडे असं झालं की कुणी मागे सरत नाही, मेलेल्याची इच्छा शोधायला लागतात. बापू हात जोडून म्हणाले, "म्हस इकणार नाय." कावळा ढिम्म. मग म्हणाले, "तंबाकू सोडली." तेही तुला पटलं नाही, आणि बरोबरच होतं, तेराव्यालाच त्यांच्या गालात चिमूट होती. ऊन चढलं, लोक घाम पुसायला लागले, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात मामा पुढे झाला. तुझा धाकटा भाऊ, गावात पत्ते कुटण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नाही, तो. मोठ्यानं म्हणाला, "आक्के, पोरीचं त्ये बर्फावरलं खेळणं बंद करतो. वरसाच्या आत तिचं हात पिवळं करतो. शिव आता!"

सगळा घाट वळून माझ्याकडे बघायला लागला. बायका मला बघायला बाजूला झाल्या, पुरुष टाचा उंचावून मागे सरले, पिंडाभोवती एकदम मोकळं झालं. आणि कावळा आला. आला, घास उचलला आणि गेला. एकच हुंदका उठला. "आईचा जीव लेकीत अडाकला व्हता गं," एक म्हातारी माझा हात धरून रडत होती. मी एकटीच बघत होते की नेमकं काय झालं, आणि ते सांगायची सोय नव्हती. त्या दिवशी मला तुझा जितका राग आला तितका चुलीपुढे आला नव्हता. मेल्यावरही तुला माझे बूट जाळायचे होते.

आईबाप गेले की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर थांबावं लागतं, म्हणून मामा लगेच स्थळ घेऊन आला. मी बॅग भरत होते. म्हणाला, "पिंडाला दिल्याला शबुद हाय." मी म्हटलं, "शब्द तू दिलास ना मामा? मग तूच सोड खेळणं. पत्त्यांपासून सुरवात कर." बापूंनी मला थोबाडीत मारली, जन्मात पहिल्यांदा. तू असतीस तर तुला आवडलं असतं. पहाटेच्या एसटीने मी गेले. तेव्हापासून घरात काही बिनसलं की माझ्याच नावावर. म्हैस मेली, चाळीत कांदा सडला, बापू घसरून पडले, सगळं त्या मोडलेल्या शब्दामुळे. बापू फोनवर इतर काही बोलायचे नाहीत. "आईला फसावलंस," एवढंच, आणि खोकत राहायचे.

मी जग फिरले, आई. जग म्हणजे बंद हॉल. बाहेर वाळवंट आणि आत बर्फ, बाहेर मॉल आणि आत बर्फ, बाहेर बर्फ आणि आतही बर्फ. पहिली वर्षं आम्ही निव्वळ हरायला फिरलो. चालायला लागायच्या आधी घसरायला शिकलेल्या पोरी समोरून यायच्या आणि माझ्या मागच्या जाळीत चकत्या टाकून परत जायच्या, घाम न येता. चकती मुखवट्यावर आदळली की रबराचा वास यायचा, आणि तुला खोटं वाटेल, मला भूक लागायची. मग हळूहळू कमी हरायला लागलो, मग कधीकधी जिंकायला. पण प्रत्येक गावी मी आणखी एक काम केलं. मॅच झाली की पावाचा तुकडा बाहेर ठेवायचा आणि बघायचं. कझाकस्तानातले कावळे अंगात राखाडी बंडी घातल्यासारखे असतात, बर्फावर चालत येतात. बँकॉकचे आपल्यासारखेच, हावरट. सगळीकडे एकच. जवळ उभं राहिलं की येत नाहीत, बाजूला झालं की येतात. कुणालाही काही कबूल करावं लागत नाही. मुली मला वेडी म्हणायच्या. मी तुझ्याविरुद्ध पुरावा गोळा करत होते.

आणि आता माझा गुडघा गेलाय. शेवटच्या मॅचमध्ये एक पोरगी अंगावर आदळली आणि आतली दोरी तुटली. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण खेळणं विसरा. खाली कुणाला सांगितलेलं नाही. लंगडते त्याचं कारण एसटीतून उतरताना पाय मुरगळला. सांगितलं तर मामा काय म्हणेल ते मला पाठ आहे. "बघ, आक्कानं करून घ्येतलंच पुरं." आणि वर जर कावळा झटकन शिवला, तर गावजेवण घालतील. म्हणून मी पानाला चिकटून बसलेय. मी इथून हलले नाही तर तो येणार नाही, हे मला बापूंपेक्षा, मामापेक्षा, तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. लग्नाचं म्हणशील तर ते नाहीच झालं, तेवढं तरी तुला मिळालं नाही.

आत्ता मामा जिन्याखाली येऊन ओरडला, "आगं, काय इच्छा ऱ्हायली आसंल तिची? पोटात कावळं वरडाय लागलं आमच्या!" मी म्हटलं, "विचारते." तो खरंच उत्तराची वाट बघत जिन्याखाली उभा राहिला. खीर सुकायला लागलीय, वड्यांना मुंग्या लागल्यात. कावळा शेवग्यावरून उडून कठड्यावर आलाय, मान वाकडी करून कधी पानाकडे बघतोय, कधी माझ्याकडे. मामाला जिंकू द्यायचं नाही म्हणून बसलेय असं मघाशी लिहिलं, ते खरं आहे, पण निम्मंच. तू खाल्लंस की जाशील. मग पुढच्या नवमीपर्यंत मी भांडू कुणाशी? हॉकी गेली, तिथे निदान कुणीतरी अंगावर येत होतं.

बापू पुन्हा विचारतायत, शिवला का. मी पानाच्या कडेवर ठेवलेला हात अजून उचललेला नाही.