मार्थामावशींचा हात

शुक्रवार, भूम

आज चर्चमधल्या सरावाला मार्थामावशींना सांगायचंच, असं ठरवून गेले होते. त्यांची सत्तरी उलटलीय, गाताना सगळ्यांच्या मागं पडतात. गायन मंडळातली पोरं म्हणतात, "रविवारी त्यांना गायला नको, खाली लोकांत बसवा." पण मला सूर धरायला शिकवलं त्यांनीच. मी कोणत्या तोंडानं सांगणार?

गाणं चालू असताना त्यांचा हात माझ्या पेटीवर होता. पेटी थांबली की हात उचलायच्या, मी भात्याला हात घातला की परत ठेवायच्या.

सगळे गेल्यावर विचारलं, "मावशी, पेटीवर हात कशाला ठेवता?"

"ऐकूच येत न्हाय गं, लई दिवस झाले. बोलणं ओठांवरनं समजतं, गाण्यात पेटीची थरथर हाताला कळती. कुणाला सांगू नको, काढतील मला."

इतके महिने तो हात माझ्यासमोर होता. मला कसा दिसला नाही?

"कोण काढतंय?" मी म्हणाले. "माझ्या ओठांकडं बघा. मी मान हलवली की कडवं उचलायचं."

मग आम्ही दोघींनी तेच गीत पुन्हा म्हटलं. दुसऱ्या कडव्याला त्या अगदी माझ्यासोबत आल्या. त्यांनाही ते कळलं, आणि इतक्या हसल्या की तिसरं कडवं राहूनच गेलं.