दोघांच्या नावावरचं घर

३ फेब्रुवारी

भाडेकरू गेल्या! नर्सबाई आणि तिची आई. इतकी वर्षं राहिल्या, पण एकदाही भाडं थकवलं नाही. आता स्वतःचं घर घेतलंय. किल्ली देताना नर्सबाईचे डोळे भरून आले. "ताई, तुमच्या घरात राहूनच आमचं घर झालं." आणि मी काय करत होते? हो हो म्हणत बेसिनखाली वाकून ओल बघत होते. घरमालकीण झाले की माझी नजरच फिरते.

तोही आला होता. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे यावंच लागतं.

४ फेब्रुवारी

हे घर आम्ही राहायला घेतलंच नव्हतं. लग्नानंतर थोडे पैसे साठले. बँकेत कुजत ठेवण्यापेक्षा एक जागा घेऊ, भाड्यानं देऊ, भाड्यातून कर्जाचा हप्ता सुटेल, भाव चढला की विकू — असा साधा हिशेब. त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. जागा बघायला गेलो तर हा स्वयंपाकघर बघायच्या आधी लिफ्टमधून वर-खाली करत बसला. "लिफ्ट नीट ठेवणारी माणसं इमारतही नीट ठेवतात." तेव्हा मी हसले होते. पण खरंच, आजूबाजूच्या इमारतींना अवकळा आली आणि आमची तशीच ताठ उभी.

घर टिकलं. संसार नाही टिकला.

भांडण असं कधी झालंच नाही. मूल होत नव्हतं. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प, मला वाटू नये म्हणून तो गप्प. गप्प राहता राहता बोलायची सवयच मोडली. घटस्फोट झाला तेव्हा बाजार पडलेला होता. तेव्हा विकणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. मग ठरलं — भाव आला की विकू, निम्मं निम्मं.

तेव्हापासून आम्ही फक्त नळ, ओल आणि वायरिंग यावर बोलतो. पण बोलतो.

११ फेब्रुवारी

'डबल' आला होता. आमचा एजंट. कुठलीही जागा दाखवली की "ताई, डबल होणार!" म्हणून आम्ही दोघांनी ठेवलेलं नाव. गिऱ्हाईक आणलंय, कर्जाबिर्जाची भानगड नाही, भाव आम्ही मनात धरला होता त्याहून वर!

आणि नेमका आत्ताच एक गाळाही विकायला निघालाय. दवाखान्यांच्या गल्लीत, रस्त्यालगत! आयुष्यभर दुसऱ्याच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत आले. इथे मागच्या भागात माझी लॅब होईल, पुढचा भाग दाताच्या डॉक्टरला भाड्यानं देईन. माझा वाटा अधिक थोडं कर्ज, आणि भाड्यातून हप्ता. जमतंय! पैशाला एका जागी बसवून म्हातारं करू नये, हे त्याचंच वाक्य.

त्याला फोन केला. त्यानं भाव दोनदा विचारून घेतला. मग, "विकू की. पण आधी रंग देऊन घेऊ."

१८ फेब्रुवारी

रंगारी बोलवू म्हटलं, तर म्हणे उगाच खर्च कशाला. रजा टाकून स्वतःच लागलाय. मीही गेले हाताखाली.

दुपारी जमिनीवर पेपर पसरून जेवलो. त्याच्या भुवईला पांढरा रंग लागला होता. डब्याचं झाकण उघडताना त्यानं खिशातून चष्मा काढला. त्याला चष्मा लागलाय! मला पत्ताच नाही. इतकी वर्षं भेटतोय, पण मी बहुतेक छताकडेच बघत आले.

"म्हातारा झालास," म्हटलं.

"हो ना. माझा भाव मात्र चढला नाही."

हसता हसता ठसका लागला मला. त्यानं पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला.

२५ फेब्रुवारी

रंग झाला. आता म्हणे बाथरूमची एक फरशी हलतेय. काल खिडकी नीट लागत नव्हती. परवा आणखी काहीतरी निघेल. डबल काकुळतीला आलाय. "ताई, साहेबांना सांगा ना! गिऱ्हाईक हातचं जाईल. घर विकायचंय की मुलगी द्यायचीय?"

१ मार्च

आज माझा तोल गेला. गाळ्याचा मालक पंधरा दिवसच थांबणार म्हणतो. आणि हा दाराची चांगली कडी काढून नवी बसवतोय!

"तुला विकायचंय की नाही, एकदाचं सांग!"

माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "विकलं की तू मला फोन कशाला करशील?"

कडी घसरत होती. जवळ जाऊन ती धरून उभी राहिले, त्याला स्क्रू पिळता यावा म्हणून. स्क्रू कधीच बसला होता. तरी मी धरून होते, आणि तो पिळत होता.

२ मार्च

लॅबमध्ये एक कवळी उलटी बसवली.

५ मार्च

सकाळी त्याचाच फोन. "डबलला हो म्हणून सांग. मी सही करतो. तुझा गाळा जाता कामा नये." आणि फोन ठेवला. माझं 'अरे, पण' माझ्यापाशीच राहिलं.

१२ मार्च

विकलं घर. पैसे आपापल्या खात्यात आले. डबलनं दोघांना नमस्कार केला आणि पळाला.

कोपऱ्यावर चहा घेतला. कपाच्या कानाशी खेळत तो म्हणाला, "माझा वाटाही गाळ्यात घाल. कर्ज काढायलाच नको, व्याज वाचेल. मी भागीदार." चांगला तयारी करून आला होता! जागा चांगली, भाडं पक्कं, तोट्याची भीती नाही. हिशेबानं बघितलं तर नाही म्हणायला काही जागाच नव्हती.

"मला भागीदार नकोय," मी म्हटलं.

चेहरा पडला बिचाऱ्याचा. "बरं," म्हणाला, चहाचे पैसे दिले आणि निघाला. पुढचं वाक्य सांगायला मागे धावले, तोवर तो दिसेनासा झाला. रस्त्याच्या मधोमध उभी राहिले खुळ्यासारखी!

१३ मार्च

त्याच्या घरी गेले. त्यानं दार उघडलं तसं उभ्या उभ्याच सांगून टाकलं — "भागीदार नकोय. नवरा हवाय."

तो उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "आधी पाणी आण."

आत जाऊन आणलं. गटागटा प्यायला. मग म्हणाला, "माझ्या आईला तूच फोन कर. मला रडू येईल."