स्पॉयलर बसलाय, रंग अजून नको

चिंगे,

तुझ्या गाडीचा स्पॉयलर डिकीवर बसवून ठेवलाय. तू मात्र आधीच रंगाचा डबा फोडून बसलीस. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! अगं, फायबरचा माल साच्यातून कधी सरळ येतो का? डावं टोक डिकीला टेकतच नव्हतं, खालून घासून घासून जाग्यावर आणलं. त्याच बाजूला ड्रिलचा ओरखडा दिसेल. भोक पाडताना खोकल्याची उबळ आली आणि हात सटकला. तिथे पुट्टी भर. बोट फिरवून बघ, बारीक छिद्रं लागतील तिथेही भर.

मग खोलून घे आणि पाणी मारत घास. कोरडं अजिबात घासायचं नाही. ती भुकटी डोळ्यांना दिसत नाही, पण छातीत जाऊन घर करते. गॅरेजात आम्ही सगळे तोंडाला फडकं गुंडाळून स्वतःला शहाणे समजत होतो. चकाकी पार गेली की मगच प्रायमर.

मी दवाखान्यात चाललोय. या वेळी बहुतेक ठेवून घेतील. आईला सांग, बाहेरगावचं काम निघालं. तिला पटणार नाही, पण ती विचारणारही नाही. तू काम अर्धवट टाकून धावत येऊ नकोस.

दाराशी खिळ्याला नवा मास्क टांगलाय. तो घातल्याशिवाय घासायचा कागद हातात घ्यायचा नाही. एकच आणलाय. मी आता घालून काय उपयोग?

दादा