पांढऱ्या झाडांचे सर

प्रिय आर्या,

तुझा वरुणदादा लुसैलला ऑफिसला गेला की मी इथे दोह्यात, मन्सूऱ्यातल्या घराचे पडदे ओढते, एसी लावते आणि टॅबवर तुझं फिनलंडचं जंगल उघडते. तुमच्या कॅमेऱ्यांचे फोटो बघून बर्फ आहे की पालवी, हे कळवणाऱ्या स्वयंसेवकांत तुझी आईही आहे. नाव मात्र नुसतं ‘के. डी.’ दिलंय.

पहिल्याच दिवशी मी कळवलं, जंगलात कुणीतरी झाडांना चुना लावलाय. आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात ना, तसा. तुझं इंग्रजीत उत्तर आलं, ‘बर्चची सालच पांढरी असते, सर.’ सर! पोट धरून हसले मी.

लग्नाचं वय तू झाडांत घालवतेस, असं मला अजूनही वाटतं. पण यंदा पालवी गेल्या वर्षीपेक्षा लवकर दिसली आणि मी जुने फोटो पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. तिथली थंडी खरंच आटत चाललीय. तू कशापायी जिवाचं रान करतेस, ते तेव्हा कळलं.

काल फोनवर तू विचारलंस, ‘दिवसभर करतेस काय गं?’ मी म्हटलं, ‘मालिका बघते.’

खरं सांगितलं, तर आईच्या चुका तू हसून सोडून देशील. सरांची एकही सोडत नाहीस. म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहू दे.

तुझे आज्ञाधारक,
के. डी. सर